चित्रेतला धाकटा

चित्रा लागली. मला पंचांग बघावं लागत नाही. भात माना टाकतं, मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, चतुरांचे थवे उडायला लागतात, सकाळी धुकं ओहोळापर्यंत खाली येतं आणि दुपारी ऊन असं पडतं की टाळूवर कुणीतरी तापला तवा ठेवलाय. मग चारच्या सुमाराला डोंगरामागून ढग वर येतात. पडणार की नुसते गुरगुरून जाणार हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. घाटावरचे लोक म्हणतात, पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा. म्हणजे एवढं पिकतं. म्हणू देत. आमच्या पेडण्याकडे चित्रा पडली की पिकलेलं भात आडवं होतं, पाण्यात लोळतं आणि कणसातच मोड येतात. ते ज्या पावसाला हात जोडतात त्याच पावसाला आम्ही शिव्या घालतो. मोठ्यांनी केलेली म्हण आहे एवढ्यावरून मी ती कधी खरी मानली नाही. आपल्या मेरेवर उभं राहून बघावं, मग बोलावं.

काल कापणीचं मशीन आलं होतं. पूर्वी वाड्यावरच्या बायका विळे घेऊन ओळीनं बसायच्या, आता एक मुलगा वर बसतो, कानात गाणी लावतो आणि दुपारच्या पेजेआधी शेत साफ करून जातो. पण ओल्या गवताचा वास काही मशीनला बदलता आला नाही. तो वास आला आणि मला दोन वर्षांमागची चित्रा आठवली. त्या वर्षी दसरा ह्याच दिवसांत आला होता, आणि आमच्या धाकट्या देवाला चाकं लावायची असं गावानं ठरवत आणलं होतं.

लांबच्या वाचकाला कळावं म्हणून सांगतो. दसऱ्याला आमच्या गावात दोन तरंगं निघतात. तरंग म्हणजे माणसाच्या दुपटीहून उंच लाकडी काठी. वरपासून खालपर्यंत तिला रेशमी लुगड्यांच्या चुण्या बांधलेल्या, माथ्यावर देवाचा मुखवटा. उचलणाऱ्याच्या कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला पुढे खोबण, त्या खोबणीत काठीचा बुंधा. हातांनी फक्त तोल राखायचा. भार सगळा कंबर घेते, कंबर मांड्यांना देते, मांड्या गुडघ्यांना. एक तरंग थोरल्याचं, एक धाकट्याचं. थोरल्याचा मान वरल्या वाड्यावरच्या घराकडे, धाकट्याचा आमच्या घराकडे. माझ्या बापाशीन उचललं, त्याच्या बापाशीन उचललं, मी उचलतो. मला मुलगा नाही. एक मुलगी, ती साखळीत दिली. म्हणजे माझ्यामागे आमच्या घरात पट्टा बांधणारं कोणी नाही. गावाला हे माझ्या आधी कळलं.

देवळासमोरच्या मैदानात दोन्ही तरंगांची भेट होते आणि मग फेऱ्या. थोरलं आतून लहान फेरी घेतं, धाकटं बाहेरून मोठी. दोघं कायम समोरासमोर, मधलं अंतर ठरलेलं. एक पूर्वेला तर दुसरं पश्चिमेला. ढोल चढला की रेशीम फुलतं, आणि लोक बघत असतात ते थोरल्याकडे. बघणारच. त्याचा मुखवटा मोठा, चुण्या जास्त, नवस त्यालाच. धाकट्याकडे बघतात ते गर्दीत पुढची जागा न मिळालेले.

मी पहिल्यांदा पट्टा बांधला तेव्हा बापूस म्हणाला होता, "थोरल्याच्या तोंडाकडे बघू नको, भुलशील. पायांकडे बघू नको, चुकशील. दोघांच्या मधल्या मातीकडे बघ."

"थंय काय आसा?"

"काय ना. म्हणूनच बघ."

एवढंच शिक्षण. शाळेतलं त्याहून फार जास्त नव्हतं. पोर्तुगेजांचं राज्य होतं, देवळाच्या पडवीत मराठी शाळा भरायची, गुरुजी सावंतवाडीकडचे. तिसरी झाली आणि बापूस म्हणाला, आता अक्षर ओळखतोस, बैलही ओळख. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटून घ्यायचं असतं तर तेव्हाच वाटून घेतलं असतं.

ज्या वर्षी चाकांचं निघालं त्याच वर्षीच्या वैशाखात माझी नात तन्वी आली होती. मुलीची मुलगी, साखळीला शाळेत विज्ञान शिकवते. जेवणाआधी आम्ही अंगणात बसलो होतो, मी कदेलीवर, ती पायरीवर. कदेल म्हणजे खुर्ची, पण माझी ती खुर्ची होत नाही, कदेलच राहते. दिवे गेले होते. डोंगरावर विमानतळ झाल्यापासून आमचं आभाळ उत्तरेकडून पिवळं पडलंय, पण दक्षिणेचं अजून शाबूत आहे. तन्वीनं बोट वर केलं. सप्तर्षींच्या शेपटीची वाकण तशीच पुढे न्यायची, आधी तांबूस स्वाती लागते, तीच वाकण आणखी पुढे नेली की निळसर पांढरी चित्रा.

"ती मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुझ्या जन्माआधीपासून."

"मग सांगा बघू, किती आहेत?"

"एक."

"दोन."

मी डोळे बारीक केले. एकच. मोतीबिंदू काढलाय माझा, उगाच नाही सांगत.

"आबा, डोळ्यांना एकच दिसणार. साध्या दुर्बिणीतूनही एकच. पण दोन आहेत. एक राक्षसी मोठा, लखलखीत. त्याच्या अगदी जवळ दुसरा, त्याहून लहान. एकमेकांभोवती फिरतात. चार दिवसांत एक फेरी."

"दिसत नाही तर मोजलं कुणी?"

तिला राग आला नाही. शिक्षिका आहे. म्हणाली, ताऱ्याचा उजेड काचेतून फोडला की रंगांचा पट्टा पडतो, पट्ट्यात काळ्या रेघा असतात. चित्रेच्या पट्ट्यात रेघांचे दोन संच आहेत. एक संच डावीकडे सरकतो तेव्हा दुसरा उजवीकडे, मग उलट. एक आपल्याकडे येतोय आणि दुसरा लांब जातोय, त्याशिवाय असं होत नाही. म्हणजे कुणी धाकट्याला पाहून मोजलं नाही. त्याच्या चालण्यावरून ओळखलं.

हे मला पटलं. रस्त्यावरून जाणारा माणूस मी अजूनही चपलेच्या आवाजावरून ओळखतो.

"मग तो लहान थोरल्याभोवती फिरतो," मी म्हटलं.

"नाही ना! सगळे हेच म्हणतात. माझी मुलं पेपरात लिहितात आणि मी मार्क कापते. थोरला मध्ये नसतोच. मध्ये कोणीच नसतं. दोघांच्या मधे एक रिकामी जागा असते, तिच्याभोवती दोघंही फिरतात. जड असतो त्याची फेरी लहान, हलका असतो त्याची मोठी. पण थांबलेला कोणी नाही."

मी अंगणातल्या मातीकडे बघायला लागलो. तिला वाटलं मला कळलं नाही. ती पायरीवरचे दोन खडे घेऊन समजावायला लागली. मी म्हटलं, "खडे ठेव गो. मी ते पायांनी केलंय."

मग मी विचारलं ते विचारायलाच हवं होतं. "त्या धाकट्याचं काय? मिणमिणता असेल."

"कसला मिणमिणता! आपला सूर्य त्याच्यापुढे पणती आहे आबा. थोरला शेजारी आहे म्हणून तो धाकटा. एकटा असता तर लोकांनी त्याच्या नावाचं नक्षत्र केलं असतं. आणि दोघं इतके जवळ आहेत की ओढून ओढून एकमेकांचे आकार बिघडवलेत. अंड्यासारखे झालेत."

"दोघेही?"

"दोघेही."

त्या रात्री पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर होती. मला दुप्पट भूक लागली. बायको म्हणाली, "काय ओ, आभाळातून वरात इली काय?"

एका गोष्टीवरून मात्र नातीशी माझं भांडण झालं ते आजपर्यंत मिटलेलं नाही. ती म्हणते, दसऱ्याच्या दिवसांत, म्हणजे ज्या दिवसांना आपण चित्रा म्हणतो त्या दिवसांत, चित्रा दिसतच नाही. सूर्य तिच्यापाशी जाऊन बसलेला असतो, त्याच्या उजेडात ती बुडते. म्हणूनच तर त्या दिवसांना तिचं नाव. मी म्हटलं, हे कसलं नाव? जिच्या नावानं लग्न ती मांडवात नाही? मी कापणीच्या दिवसांत मळ्यातून परत येताना चित्रा बघितलेली आहे. ती म्हणते, तो दुसरा कुठला तरी तारा असणार. असेल. पण मी त्याला चित्रा म्हणून हाक मारली आणि त्यानं कधी तक्रार केली नाही.

दसऱ्याआधी देवळात बैठक झाली. समितीचा अध्यक्ष दिलीप, आमच्याच वाड्यावरचा, टिप्परांचा धंदा. मुलगा वाईट नाही. देवळाला नवी फरशी त्यानंच घातली, पावसात आता पाय घसरून चार जण जास्त पडतात एवढंच. त्यानं आधी माझ्यासाठी कदेल मागवली. कुणी माझ्यासाठी आवर्जून कदेल मागवली की मला कळतं, आता काहीतरी काढून घेणार.

"आबा, रागावू नकात," तो म्हणाला. "पण तुमची पिराय जाली. तुमचो गुडघो कसो आसा ता गावाक खबर आसा."

"पिराय सगळ्यांची जाता. तुझीय जाली. केस रंगवतस म्हणून थांबली ना."

लोक हसले. दिलीपही हसला, पण कागद खिशातून काढलाच. धाकट्या तरंगासाठी लोखंडी स्टँड. चार चाकांचा. वेल्डिंगवाल्याशी बोलणं झालेलं. स्टँड मधोमध ठेवायचा, थोरलं तरंग त्याच्याभोवती फिरेल, किंवा कुणीतरी स्टँड हळूहळू ढकलेल. तुमच्यामागे उचलणारं कोणी नाही, तेव्हा आज ना उद्या हे करावंच लागणार, मग तुमच्या डोळ्यांदेखत मानानं होऊ दे.

"म्हणजे देव ढकलूचो? भाजयेच्या गाड्यासारखो?"

"चाकां रबराची आसत, आबा. आवाज येवचो ना."

मी उठलो. उठताना गुडघा बोलला, तो सगळ्यांनी ऐकला. मी म्हटलं, "ह्या वर्सा मी उचलतलंय. पडलंय तर पडलेल्या जाग्यार तुझो स्टँड उभो कर. तोपर्यंत त्या वेल्डिंगवाल्याक सांग, तुझ्या टिप्पराचा फाळका जोड म्हणून. कधीचा लोंबता."

घरी बायकोला आधीच कळलं होतं. आमच्या गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. तिनं काही विचारलं नाही. खोबरेल तेल गरम करायला ठेवलं. गुडघ्याला चोळताना एवढंच म्हणाली, "पडलात तर मी हसतलंय हां. आधीच सांगतंय."

"हस."

"आणि मगे उचलतलंय."

दसऱ्याच्या दुपारी ऊन कडक होतं. आपट्याच्या पानांचे ढीग, अबोलीचे वळेसर, भज्यांच्या तेलाचा वास. परक्या नंबरांच्या गाड्या थेट मळ्याच्या मेरेपर्यंत लागलेल्या. मी पट्टा बांधला. माझ्या बापाच्या कमरेच्या मापाची भोकं अजून त्याला आहेत, मी त्याहून दोन भोकं आत आलोय. म्हातारपणी माणूस आत आत येतो. काठी खोबणीत बसली आणि भार खाली उतरला, तसा गुडघा म्हणाला, नको. मी म्हटलं, तुला कोण विचारतो.

थोरलं तरंग सदानं उचललेलं. सदा वरल्या वाड्यावरचा, पस्तिशीतला, खांदे असे की दरवाजातून तिरका आत येतो. भेट झाली. मुखवट्याला मुखवटा लागला. ढोल सुरू झाला, शिंग वाजलं आणि आम्ही फेरी धरली. पहिली नीट झाली. दुसरी नीट झाली. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की मी पळतोय. मला पळावं का लागतंय? मी मातीकडे बघत होतो, ती मधली रिकामी जागा शोधत होतो, आणि त्या जागेवर पाय होते. सदाचे.

तो थांबला होता. माझे हाल बघून त्याला दया आली होती. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून तो मधोमध उभा राहिला, नुसता जागच्या जागी वळत होता, तोंडावर असा भक्तिभाव की बायका हात जोडत होत्या. सगळा गाव समजत होता की सदा मान देतोय. आणि त्या मानापायी माझी फेरी दीडपट झाली होती. त्याच्या वाट्याचं अंतरही माझ्याच पायांवर आलं होतं. रेशमात वारा भरला, काठी बाहेर झुकली, पट्टा माकडहाडापाशी कापायला लागला. मला दिसलं की मी आता पडणार, आणि मी पडलो की लोक म्हणणार, बघा, वयच झालं होतं.

ढोलाच्या वर आवाज काढून मी ओरडलो, "चल रे!"

त्याला वाटलं देव बोलतोय. तो आणखी वाकला.

"सदा! वाकतस काय? चाल! तू थांबलंस तर मी मेलंय! चाल, भाड्या!"

देवाच्या फेरीत असा शब्द त्याआधी कुणी ऐकला नव्हता. ढोलवाला एक ठोका चुकला. पण सदाचा पाय उचलला गेला. एक पाऊल, दुसरं, आणि मधली जागा रिकामी झाली. मला ती माती दिसली, तुडवलेली पानं पडलेली, कुणीही नसलेली. त्या क्षणी भार हलका झाला. काठी सरळ झाली. तो पूर्वेला, मी पश्चिमेला. त्याची ओढ मला धरून होती, माझी त्याला. गुडघा दुखतच होता. पण आता त्याचं दुखणं माझ्या कामाचं दुखणं होतं, दुसऱ्याच्या दयेचं नव्हतं. उरलेल्या फेऱ्या मी पूर्ण केल्या.

नंतर दिलीप पाणी घेऊन आला. म्हणाला, "आबा, शिवी घातलात ती व्हिडिओत इली."

"बरां जाला. पुढच्यांक शिकूक मिळतला."

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी एकटाच विचार करत होतो. आपल्याकडे मोठ्याला मध्ये बसवण्याची सवय फार. घरात बसवतात, गावात बसवतात, आभाळातही बसवायला जातात. मग म्हाताऱ्याला, धाकट्याला, मागे पडलेल्याला मान म्हणून कदेल देतात, स्टँड देतात, सवलत देतात. मोठा एका जागी थांबतो आणि समजतो, मी उपकार केले. त्याच्या थांबण्यानं बाहेरच्याची धाव किती वाढते हे त्याला कळत नाही, कारण तो थांबलेला असतो. मला कुणाची सवलत नको. मोठ्यानं आपली लहान फेरी चालावी, माझी मोठी फेरी मी चालतो. चित्रेतला तो थोरला एवढा लखलखीत, पण एका दिवसाची सुट्टी घेत नाही. घेईल तर दोघंही जातील.

गेल्या वर्षीही मीच उचललं. ह्या वर्षी दसरा पुन्हा चित्रेतच आलाय आणि काल पुन्हा बैठक झाली. पुन्हा कदेल. पुन्हा तोच कागद, फक्त आता स्टँड स्टीलचा. दिलीपनं ह्या खेपेला डॉक्टरचं नाव घेतलं, माझ्या मुलीचं नाव घेतलं, शेवटी माझ्या बायकोचं घेतलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "बरां. स्टँड करा."

बैठक गार पडली. एवढ्या लवकर मी हो म्हणेन असं कुणाला वाटलं नव्हतं.

"पण दोन करा," मी म्हटलं. "धाकटो चाकार बसलो तर थोरलोय चाकारच बसतलो. एक चालता आणि एक ढकलतत, असा ह्या मैदानात माझ्या जिवंतपणी जावचा ना. दोघांक बसवा. मगे गावकऱ्यांनी घरात बसून टीव्हीर बघूचा."

दिलीपनं वरल्या वाड्याच्या लोकांकडे बघितलं. थोरल्याला चाकं म्हटल्यावर तिथे चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण सदा उठला. खांबाला टेकून उभा होता, तिथूनच बोलला.

"थोरलां माझो भाव उचलतलो. तो तयार आसा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "धाकट्याची फेरी आबांनी माका शिकवूक व्हयी."

वरल्या वाड्याचा माणूस थोरल्याचा मान सोडून धाकटं मागतोय! कुणी हसेल असं वाटलं. कुणी हसलं नाही. दिलीप म्हणाला, "सदा, विचार कर. तां आबांच्या घराचां."

"दोन वर्सां विचार केलंय," सदा म्हणाला. "त्या दिसा मी थांबलंय तेव्हा त्यांचां काय जाला ता मी समोरून बघितलंय. भायली फेरी सोपी न्हय."

माझं घर, माझा मान, माझ्या बापाचा पट्टा. तो दुसऱ्या घरात द्यायचा की लोखंडाला द्यायचा, एवढाच प्रश्न उरला होता. मला वेळ लागला नाही. मी म्हटलं, "उद्या ये. पण थोरल्यासारखो छाती काढून चाललंस तर घरी धाडीन."

आज संध्याकाळी ऊन कलल्यावर तो मळ्यात आला. कापलेल्या भाताचे खुंट पायांना टोचत होते. दोन बांबू घेतले, तरंगांच्या उंचीचे. त्याला बाहेर उभं केलं आणि मी आत, थोरल्याच्या जागी. फेरी धरली. त्याची पावलं लांब पडत होती, मी ओरडत होतो, "मातीकडे बघ! माझ्या तोंडार काय लिहिलांहा?" दोन फेऱ्यांनी त्याला जमायला लागलं. तिसऱ्या फेरीत आमचे बांबू असे समोरासमोर बसले की मधली जागा आपोआप मोकळी राहिली.

आयुष्यात पहिल्यांदा मी आतली फेरी चाललो. पावलं आखूड, वारा कमी, गुडघ्याला आराम. मला मुळीच आवडली नाही.

"सदा," मी म्हटलं, "जागा बदल. तू पुढल्या वर्सा. ह्या वर्सा भायली फेरी माझीच."